तबकडीचं भोक सरकलंय, गायकाचा सूर नाही

रत्नागिरी, 18 नोव्हेंबर 2020

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: सदोष एलपी (गाण्यांची तबकडी) बदलून मिळण्याबाबत (तिसरं पत्र)

महोदय,

टूट्स अँड द मेटल्स या जमैकाच्या रेगे बँडच्या 'गॉट टू बी टफ' या नव्या अल्बमची एलपी मी आपल्याकडून 2,850 रुपयांना मागवली. 2 नोव्हेंबरला ती घरी आली. खोका धड, तबकडीवर एक ओरखडा नाही. पण सुई टेकवली की सगळे सूर झोके खातात. तसं कळवल्यावर आपल्याकडून उत्तर आलं, की गायक 77 वर्षांचे होते, वयामुळे आवाजात कंप जाणवू शकतो.

हे गायक, टूट्स हिबर्ट, 11 सप्टेंबरला जमैकातल्या किंग्स्टनमध्ये वारले. त्याआधी जेमतेम दोन आठवडे, 28 ऑगस्टला, हा अल्बम बाजारात आला. उत्तर द्यायला जो माणूस उरला नाही त्याच्या गळ्यावर आपण आपला माल ढकलताय. शिवाय झोके गिटार आणि बेसही खातात. त्यांचंही वय झालं का?

मी बोटीवर इंजिनरूममध्ये बावीस वर्षं काढली आहेत. किंग्स्टन बंदरात दोनदा थांबलो, तिथून हे रेगेचं वेड लागलं. फिरणारी वस्तू मध्यावर नसली की काय होतं हे मला शिकवायला नको. एलपी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 1.8 सेकंद. मी मोबाइलवर वेळ लावून दहा झोके मोजले: 18 सेकंद. मग मंडळींची लाल टिकली घेतली, लेबलवर चिकटवली आणि पाहत बसलो. टिकली खिडकीकडे आली की सूर चढतो, कपाटाकडे गेली की उतरतो, न चुकता. सुईचा दांडा तर डोळ्यांना दिसेल इतका डावी-उजवीकडे डोलतो. तबकडी आत आत वाजत जाते तसा दोष वाढतो, कारण तिथे घेर लहान. शेवटच्या गाण्यापर्यंत पोटात ढवळायला लागतं, आणि मला बोट कधी लागली नव्हती. त्याच यंत्रावर नाट्यगीतांची जुनी एलपी लावली, ती सरळ वाजली. हाच अल्बम मोबाइलवर ऐकला, तर आवाज खरबरीत, पण सुरावर खिळा ठोकल्यासारखा.

भोक मधोमध पाडलेलं नाही, एवढीच गोष्ट आहे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे नाचणारा पक्का आहे आणि अंगणच वाकडं आहे.

दुसऱ्या पत्राला आपलं उत्तर याहून थोर: "रेगे संगीतात ठेका मागे-पुढे असतो." असतो ना! गिटारचा ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडतो, तिथेच त्याची गंमत. पण ठोक्याची जागा वेगळी आणि सूर ढळणं वेगळं. 1968 साली 'डू द रेगे' या गाण्याने ज्यांनी हा शब्द तबकडीवर आणला, त्यांच्याच बाबतीत मला रेगे समजावलं जातंय. आणि "सील उघडल्यामुळे परत घेता येणार नाही" याचं काय करायचं? सील न उघडता वाजवायची युक्ती असल्यास कळवावी.

2013 मध्ये अमेरिकेत रिचमंडला प्रेक्षकांतून भिरकावलेली बाटली टूट्स यांच्या डोक्याला लागली. पुढे 2016 पर्यंत ते मंचावर आले नाहीत. तरी बाटली मारणाऱ्या पोराला शिक्षा कमी व्हावी म्हणून त्यांनी न्यायाधीशांना पत्र लिहिलं. माझं मन तेवढं मोठं नाही.

तेव्हा आपण देऊ केलेलं 300 रुपयांचं कूपन नको. दुसरी तबकडी द्या, पण वाजवून बघून. याच गठ्ठ्यातली नको, कारण तिचंही भोक तिथेच असायचं. नसेल तर पूर्ण पैसे परत करा आणि तबकडी आपल्या खर्चाने घेऊन जा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. आपली उत्तरं आली, पण रीतसर पोच आजवर आलेली नाही. महिना उलटला तर जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देईन.

बिलाची प्रत आणि डोलणाऱ्या दांड्याचा व्हिडिओ सोबत आहे. तबकडी नेणाऱ्याला सांगून ठेवा, लेबलवरची टिकली काढू नये. तपासणाऱ्याला सोयीची पडेल.

आपला,
एक ग्राहक