रेचल सीवर्टबाई, मेलेल्या माणसांबद्दल विचारलंत म्हणून

मा. रेचल सीवर्टबाई,

सादर नमस्कार.

तुम्ही ऑस्ट्रेलियाच्या सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, जुलै 2005 मध्ये आलात आणि सप्टेंबर 2021 मध्ये बाहेर पडलात. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वतीनं, ग्रीन्स पक्षाच्या बाकावर, सोळा वर्षं. हे आभार तेव्हाच मानायला हवे होते. ते मराठीत मानतो आहोत, कारण इथल्या, पर्थमधल्या मराठी घरांत ‘रोबोडेट’ हा शब्द सगळ्यांच्या कानावरून गेलाय, तुमचं नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. पुण्या-नाशकातल्या वाचकाला तर दोन्ही नवीन. म्हणून तुम्हाला पाठ असलेली गोष्ट आधी थोडी उलगडून सांगतो, थोडा धीर धरा.

ऑस्ट्रेलियात काम नसलेल्या माणसाला सेंट्रलिंक नावाचं सरकारी कार्यालय भत्ता देतं. त्याचं तेव्हाचं नाव न्यूस्टार्ट. हिशेब पंधरवड्याचा, म्हणजे चौदा दिवसांचा. त्या चौदा दिवसांत जेवढी कमाई झाली तेवढी आपण कळवायची, तिच्या प्रमाणात भत्ता कापला जातो. वर्षाच्या शेवटी (इथलं आर्थिक वर्ष जुलै ते जून) मालक करखात्याला वर्षभराचा एकच आकडा कळवतो. 2016 पासून सरकारनं हा वर्षाचा आकडा संगणकाला दिला, 26 पंधरवड्यांनी भागायला लावला, आणि आलेली सरासरी माणसानं कळवलेल्या कमाईशी ताडून पाहिली. फरक दिसला की जादा घेतलेला भत्ता म्हणून तेवढं कर्ज त्या माणसाच्या नावावर, आणि घरी तसं पत्र. हेच ते ‘रोबोडेट’.

चूक कुठे आहे ते कागद-पेन्सिल घेऊन बसलं की पाच मिनिटांत दिसतं. एका मुलीनं जुलै ते डिसेंबर नोकरी केली, 13 पंधरवडे, दर पंधरवड्याला 2,000 डॉलर. एकूण 26,000. जानेवारीत नोकरी सुटली, पुढचे 13 पंधरवडे तिनं भत्ता घेतला आणि दर वेळी कमाई शून्य असं खरंखुरं कळवलं. आता 26,000 भागिले 26, म्हणजे 1,000. संगणकाच्या लेखी ही मुलगी भत्ता घेत असतानाही पंधरवड्याला हजार कमावत होती. त्या वेळचा नियम असा होता: पहिल्या 104 डॉलरवर कपात नाही, 104 ते 254 पर्यंत डॉलरमागे 50 सेंट, त्यापुढे 60 सेंट. म्हणजे हजारावर कपात 522 डॉलर 60 सेंट. भत्ता होता सुमारे 528. जवळजवळ सगळाच तिनं लबाडीनं घेतला असं ठरलं. तेरा पंधरवड्यांचे मिळून सुमारे 6,800 डॉलर. त्यावर दहा टक्के वसुली आकार लागला की आणखी 680. तिनं एक डॉलरही चुकीचा घेतलेला नाही!

हंगामी काम करणारे, सुट्टीत राबणारे विद्यार्थी, आज तीन दिवस तर उद्या शून्य असं काम मिळणारे, ज्यांची कमाई वरखाली होते असे सगळे यात सापडले. बारा महिने सारखा पगार असणाऱ्यालाच सरासरी लागू पडते, आणि त्याला भत्ता कशाला लागेल? पूर्वी असा फरक दिसला की खात्यातला माणूस चौकशी करायचा, गरज पडली तर मालकाकडून पगाराचा तपशील मागवायचा. वर्षाला साधारण 20,000 प्रकरणं व्हायची. माणूस काढला आणि आठवड्याला 20,000 पत्रं सुटू लागली. खात्यानं सिद्ध करायचं ते आता पत्र मिळालेल्यानं नाकारून दाखवायचं. मुदत 21 दिवस. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या पगारचिठ्ठ्या आणा, तो मालक कधीच दुकान बंद करून गेलेला असला तरी. या कामासाठी वेगळा फोन ठेवला होता, पण पहिल्या पत्रावर त्याचा नंबरच छापलेला नव्हता. आधी पत्र पाठवायला सुरुवात केली, मग शंका कुठे विचारायची याचा विचार.

बाई, राग यायचा तो इथे येतो. पुढे 2022 मध्ये या योजनेच्या चौकशीसाठी नेमलेल्या शाही आयोगासमोर (रॉयल कमिशन) जे उघड झालं त्यानुसार, सरासरी काढून कर्ज ठरवणं कायद्याला धरून नाही असा सल्ला सरकारच्याच विधिज्ञांनी 2014 मध्ये दिला होता. योजना सुरू होण्याच्या आधी! तो कागद दप्तरात राहिला आणि पत्रं घरोघर गेली. मंत्री टीव्हीवर येऊन फसवणाऱ्यांना सोडणार नाही म्हणत राहिले. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकतो, पण ती संगणकात भरून देशभर राबवलेली इथे पाहिली. आणि आपल्या माणसांबद्दलही सांगायला हवं. ‘घेतले असतील म्हणून तर मागताहेत,’ हे वाक्य आपल्याच गणपतीच्या मांडवात, आपल्याच पंगतीत बोललं गेलं. ज्याला पत्र आलं त्यानं ते उशीखाली ठेवलं आणि गुपचूप हप्ते भरले, कारण चौघांत नाव निघेल ही भीती कर्जाहून मोठी.

अशा वेळी तुम्ही ऐकायला बसलात. फेब्रुवारी 2017 मध्ये सिनेटच्या समाजकल्याणविषयक समितीकडे हा विषय आला, अध्यक्ष तुम्ही. वेगवेगळ्या शहरांत जाऊन समितीनं ज्यांना पत्रं आली त्यांना बोलावलं, त्यांचं बोलणं शब्दशः नोंदवलं. 21 जून 2017 ला अहवाल आला. पहिलीच शिफारस: त्रुटी दूर होईपर्यंत हे सगळं थांबवा. दुसरी: सरासरी लावून काढलेलं प्रत्येक कर्ज जाणकार माणसाकडून, खऱ्या पंधरवड्याच्या खऱ्या कमाईवर पुन्हा मोजा. इतकी साधी गोष्ट. सरकार पक्षाच्या सिनेटरांनी भिन्नमत जोडलं आणि योजना चालूच राहिली. नोव्हेंबर 2019 मध्ये न्यायालयात टिकाव लागत नाही असं दिसल्यावर सरकारनं हात आखडला. म्हणजे तुमच्या अहवालानंतर जवळजवळ अडीच वर्षं. त्या अडीच वर्षांत जी पत्रं गेली त्यांतलं एकही जायला नको होतं.

पण आभार मुख्यतः अहवालाचे नाहीत. ते एका लेखी प्रश्नाचे आहेत.

खर्चाच्या छाननीच्या बैठकीत खात्याच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून सिनेटर विचारतात, आणि जे तिथे सांगता येत नाही त्याचं उत्तर नंतर लेखी यावं लागतं. तिथे बहुतेक प्रश्न पैशाचे असतात. किती वसूल झाले, किती व्हायचे आहेत, कंत्राट कितीचं. तुम्ही विचारलंत की पत्र मिळालेल्यांपैकी किती माणसं वारली. खात्याला मोजावं लागलं. 2019 च्या सुरुवातीला उत्तर बाहेर आलं: जुलै 2016 ते ऑक्टोबर 2018 या काळात 2,030. त्यांतल्या 663 जणांच्या नावापुढे खात्याच्याच नोंदीत खूण होती, की हा माणूस नाजूक अवस्थेत आहे, म्हणजे मानसिक आजार, व्यसन, घरातला छळ असं काहीतरी.

या आकड्यावरून मरणाचं कारण कळत नाही. म्हातारपण, आजार, अपघात, सगळं त्यात आलं. काहींनी तेव्हा तो आकडा हवा तसा वापरला, तसा तो वापरू नये. तरी तो प्रश्न आम्हाला सगळ्यात मोठा का वाटतो ते सांगतो. तोपर्यंत खात्याच्या हिशेबात माणसाचे दोनच प्रकार होते, भरणारा आणि थकवणारा. तिसरा एक प्रकार असू शकतो, पत्र पोचलं आणि माणूस आता नाही, हे त्या तक्त्यात नव्हतंच. मुलगा गेलेल्या घरी त्याच्या नावाचं पत्र टेबलावर पडलंय, आणि आई ते कुणाला दाखवणार? सेंट्रलिंकच्या फोनवर तासभर वाट पाहून? पुढे आयोगासमोर मुलगे गमावलेल्या आयांनी साक्ष दिली, तेव्हा सारा देश ऐकत होता. त्याआधी चार वर्षं, कोणी ऐकत नसताना, तुम्ही त्या मुलांना एका सरकारी उत्तरात जागा करून दिलीत. एका ओळीची का होईना.

शेवटी सरकारला सुमारे 1.7 अब्ज डॉलरच्या कर्जांवर पाणी सोडावं लागलं, वसूल केलेलं परत द्यावं लागलं. 7 जुलै 2023 ला आयोगाचा अहवाल आला, त्यात ही योजना क्रूर आणि बेकायदा म्हटली आहे. तोवर तुम्ही सिनेटमध्ये नव्हता. त्याआधी, सिनेट समितीनं या योजनेची दुसऱ्यांदा चौकशी केली त्या वेळी, कायदेशीर सल्ल्याचे कागद मागितले तेव्हा सरकार ताकास तूर लागू देत नव्हतं, आणि तुमची समिती एकामागून एक अंतरिम अहवाल देऊन तेच कागद पुन्हा मागत होती. ती चिकाटी लोक विसरले. आम्ही नाही.

हा तुमचा स्वभावच असावा. 2010 मध्ये तुमच्याच पुढाकारानं जबरदस्तीच्या दत्तक प्रकरणांची चौकशी सुरू झाली. 1950 पासून पुढची दोन-तीन दशकं लग्न न झालेल्या आयांची बाळं इस्पितळातूनच काढून घेतली गेली, काहींना बाळ दिसू नये म्हणून मध्ये चादर धरली जायची. 29 फेब्रुवारी 2012 ला तुम्ही तो अहवाल सभागृहात ठेवलात तेव्हा तुमचा गळा दाटून आला होता, आणि प्रेक्षक सज्जात त्याच बाया बसल्या होत्या, आता केस पांढरे झालेल्या. त्यातली एक शिफारस वाचावी अशी आहे: देशानं माफी मागावी, आणि ‘त्या काळी तशीच रीत होती’ ही सबब माफीला जोडू नये. माफी मागताना माणूस हमखास एक ‘पण’ घालतो. तो तुम्ही आधीच काढून टाकलात. 21 मार्च 2013 ला पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी देशाच्या वतीनं माफी मागितली.

आणि एक, जे थेट आमच्या लोकांचं आहे. 1 जानेवारी 2019 पासून कायम वास्तव्याचा व्हिसा मिळालेल्या नव्या माणसाला बेकारीचा भत्ता मिळायची वाट दोन वर्षांवरून चार वर्षांवर गेली. दोन्ही मोठ्या पक्षांनी मिळून ती नेली. ठाण्याहून, सांगलीहून आलेला माणूस पहिल्या दिवसापासून कर भरतो, आणि तिसऱ्या वर्षी नोकरी गेली तर बचत, मित्र आणि मंदिरातलं जेवण. तुम्ही आणि तुमचा पक्ष याच्या विरोधात उभे राहिलात. आम्हाला तेव्हा मतदानाचा हक्कही नव्हता. ज्याच्याकडून एक मतही मिळणार नाही त्याच्यासाठी बोलणारी माणसं कुठल्याही सभागृहात थोडीच असतात, मग ते कॅनबेऱ्यातलं असो, दिल्लीतलं किंवा मुंबईतलं.

न्यूस्टार्ट महागाईच्या वर 1994 पासून वाढलेला नव्हता. 2012 मध्ये तेवढ्याच पैशांत तुम्ही आठवडाभर राहून पाहिलंत. आठवड्यानं काय कळतं, असं काहीजण म्हणाले. दात दुखला, टायर पंक्चर झाला, मुलाची सहल निघाली, असं आठवड्यात होतंच असं नाही, हे खरंय. पण म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी एक दिवस तरी राहून पाहिला? 1 एप्रिल 2021 पासून पंधरवड्याला 50 डॉलर वाढले. तुम्ही मागत होता त्याच्या मानानं फारच थोडे. तरी सभागृहात तोच विषय वर्षामागून वर्ष काढत राहिलात, बाकं रिकामी असतानाही.

पर्थच्या बाजूला कधी आमच्याकडे आलात तर पुरणपोळी आहे, वर तूप भरपूर. कागद-पेन्सिलही ठेवू, कारण आमच्यातले दोघं-तिघं अजून आपलं जुनं पत्र घेऊन बसलेले आहेत. ते कुणालाच दाखवलेलं नाही, तुम्हाला दाखवतील.

तुमचे ऋणी,
पर्थमधली काही मराठी मंडळी