संधिवाताचा पट्टा आणि सोबतच्या व्यायामपत्रकाबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

संधिवातासाठी म्हणून तुमच्या वेबसाइटवर असलेला संच मी मागवला: दोन्ही मनगटांचे पट्टे आणि दाबायचा रबरी चेंडू. पार्सल वडगावात (बेळगाव) वेळेवर पोचलं, पण दोन्ही पट्टे उजव्या हाताचेच निघाले. आतली धातूची पट्टी तळहाताच्या बाजूने वळवलेली, त्यामुळे तो उलटा करून डाव्या हातात बसत नाही. शिवाय तो बोटांच्या मुळांपर्यंत येतो. काम करताना घालायच्या पट्ट्याने मनगट धरायचं आणि बोटं मोकळी ठेवायची असतात. हा घालून मला ना भाकरी थापता येते, ना मागासाठी कांड्या भरता येतात.

पट्टे काय, बदलून मिळतील. माझा राग आहे तो व्यायामपत्रकावर. त्यात छापलंय: सूज असली तरी चेंडू जोरात दाबा, दुखलं म्हणजे गुण येतोय, आणि पट्टा दिवसरात्र काढू नका. आमच्या फिजिओबाईंनी ते वाचून कपाळालाच हात लावला. माझा संधिवात रूमेटॉइड प्रकारचा, म्हणजे झिजेचा नव्हे; यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटते. सांधा गरम आणि सुजलेला असताना जोर लावायचा नसतो. तेव्हा बोटांची फक्त हळू उघडमीट करायची. सूज उतरली की ताकदीचे व्यायाम जरूर करावेत, पण नंतर दोन तासांहून जास्त दुखत राहिलं तर पुढच्या वेळी कमी करावेत. पट्टा सतत बांधून ठेवला तर मनगट आखडतं, स्नायू अशक्त होतात. मला विचारायला बाई होत्या. तुमच्या कागदावरच विसंबणाऱ्यांनी काय करायचं?

फोनची तर वेगळीच तऱ्हा. मराठी ऐकलं की तुमचा माणूस महाराष्ट्राच्या शाखेला जोडतो, तिथे ५९० चा पिनकोड सांगितला की बेंगळुरूला. बेंगळुरूवाले म्हणतात, स्वखर्चाने परत पाठवा. सीमाप्रश्न आम्हाला नवा नाही, पण तो पार्सलातही निघेल असं वाटलं नव्हतं.

तुमच्या खर्चाने पट्टे परत न्या आणि योग्य मापाचा डावा-उजवा जोड द्या, नाहीतर पूर्ण पैसे. ते पत्रक विक्रीतून काढा आणि ज्यांना गेलंय त्यांना कळवा. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिनाभरात निवारण तुमच्यावर बंधनकारक आहे. ते झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

पार्सल न्यायला माणूस अकरानंतर पाठवा. सकाळी बोटं आखडलेली असतात, कडी काढायला वेळ लागतो.

आपली ग्राहक,
वडगाव, बेळगाव