माहिती विकत घेण्यापूर्वी

संपादक महोदय,

कंपन्यांविषयीची माहिती विकत घेताना बहुतेक ठिकाणी वार्षिक वर्गणीचे आकडे शेजारी शेजारी मांडून निर्णय घेतला जातो. पण यादीतील निम्मे दूरध्वनी क्रमांक बंद निघाले, तर त्यांची छाननी करण्यात कर्मचाऱ्यांचा जो वेळ जातो, तो त्या हिशेबात कुठेच धरलेला नसतो. सरकारी नोंद फुकट मिळते म्हणून ती बिनचूक असते, असेही नाही. ब्रिटनमध्ये कंपन्यांची नोंदणी करणाऱ्या ‘कंपनीज हाउस’ या सरकारी कार्यालयाने २०१५ मध्ये आपली माहिती सर्वांना विनामूल्य खुली केली, मात्र कंपन्यांनी भरलेल्या तपशिलाची शहानिशा करण्याचे पुरेसे अधिकार त्या कार्यालयाला २०२३ च्या कायद्यानेच मिळाले. महागडे विक्रेतेही अनेकदा हीच नोंद उचलून, थोडी सजवून विकतात (आणि करारात अचूकतेची जबाबदारी मात्र झटकतात). माझ्या मते, आपल्याला पक्क्या ठाऊक असलेल्या शंभरएक कंपन्यांची नावे आधी विक्रेत्याला द्यावीत आणि त्याच्याकडून आलेला पत्ता, संचालक, उलाढाल व नोंद शेवटची कधी तपासली ती तारीख, हे सारे ताडून पाहावे. यास का-कू करणाऱ्याशी दराची घासाघीस करणे व्यर्थ आहे. शिवाय, करार संपल्यावर घेतलेली माहिती वापरता येईल की पुसून टाकावी लागेल, हेही आधीच लेखी घ्यावे.

– एक वाचक