सूचना: जूनपासूनचा अभ्यासक्रम, रविवारी बैठक

सर्व पालकांना नमस्कार. पहिली ते पाचवीच्या वयाच्या मुलांना घरीच शिकवणाऱ्यांची बैठक येत्या रविवारी सकाळी १० वाजता, नेहमीच्याच जागी आहे. मुलांना घेऊन या.

येताना वर्षाचा कच्चा आराखडा वहीत लिहून आणा. एक पानही पुरे, पण तो तुमच्या मुलाकडे बघून केलेला हवा. गेल्या वर्षी मी शाळेसारखे ४० मिनिटांचे तास आखले होते. लेक अपूर्णांकाच्या पानावर रडकुंडीला यायची. मग एकदा भाकरीचे चार तुकडे केले, त्यातला एक तिच्या ताटात वाढला, तेव्हा ती आपणहून म्हणाली, "आई, हा पाव!" वही त्यानंतर उघडली. म्हणून गणितात वाटी, तराजू, मोजपट्टी आधी लिहा आणि पुस्तकातली पानं मागाहून.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. भाषेसाठी आणि परिसर अभ्यासासाठी ती नक्की चाळा, पहिल्या पानापासून क्रमानेच जायला हवं असं नाही.

पुढे परीक्षेचं काय, हे बरेच जण विचारतात. एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या) मुक्त मूलभूत शिक्षणात 'अ' स्तर तिसरीच्या, 'ब' पाचवीच्या आणि 'क' आठवीच्या बरोबरीचा असतो. नोंदणीचे नियम त्यांच्या संकेतस्थळावर वाचून या, म्हणजे नेमकं बोलता येईल.

जुनी पुस्तकं, मणीमाळा, नकाशे द्यायचे असतील तर पिशवीवर इयत्ता लिहा. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कळवा.