राणीच्या बागेतले संग्रहालय कोणी बांधले?

महोदय,

गेल्या रविवारी नातीला घेऊन भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेलो होतो. पेंग्विन पाहून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी आलो, तेव्हा तिथे एका शाळेची सहल उभी होती. एका मुलीने विचारले, "बाई, हे कोणी बांधलं?" "इंग्रजांनी," एवढे सांगून बाई पुढे गेल्या. मीही लहानपणापासून हेच ऐकत आलो आहे. ते अपुरे आहे, म्हणून हे पत्र.

मुंबईत संग्रहालय आधीही होते, फोर्टातल्या टाउन बरॅक्समध्ये. १८५७च्या धामधुमीत लष्कराला जागा हवी झाली, संग्रह घाईघाईने हलवला गेला आणि कित्येक वस्तू मोडल्या. पुढच्या वर्षाअखेरीस टाउन हॉलमध्ये सभा भरली आणि नव्या इमारतीसाठी वर्गणी काढायचे ठरले. नाव व्हिक्टोरिया राणीचे द्यायचे होते, हे खरेच. पण समितीचे अध्यक्ष होते नाना शंकरशेट आणि चिटणीस होते डॉ. जॉर्ज बर्डवुड व डॉ. भाऊ दाजी. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते पायाभरणी झाली.

तेव्हा मुंबईत पैशाचा पूर आला होता. अमेरिकेत यादवी चालू, तिकडचा कापूस बंद, त्यामुळे इकडच्या कापसाला सोन्याचा भाव. रोज नवी कंपनी निघायची, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजनांचे शेअर हातोहात खपायचे. वर्गणी देणारे, बँका, व्यापारी, वकील, डॉक्टर सगळे त्या सट्ट्यात उतरले होते. १८६५च्या वसंतात युद्ध संपले, कापूस कोसळला आणि १ जुलैला, वायद्याचे सौदे चुकते करायच्या दिवशी, शहराचे दिवाळे निघाले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला नाना शंकरशेट वारले. भाऊ दाजींची सारी कमाई बुडाली. गरिबांना फुकट औषध देणारा, शिलालेख वाचण्यासाठी पदरचे पैसे घालणारा हा माणूस कर्जात गेला. आणि भायखळ्याला अर्धवट भिंती तशाच उभ्या राहिल्या.

विल्यम ट्रेसी यांचा आराखडा होता, पुढे काम स्कॉट, मॅक्लेलंड आणि कंपनीकडे गेले. वर्गणी आटल्यावर सरकारी पैशाशिवाय काम पुरे होणे शक्यच नव्हते, आणि तो पैसा मिळाला, हेही मुलांना सांगायला हवे. २ मे १८७२ रोजी दारे उघडली. पायाभरणीला तोवर साडेनऊ वर्षे झाली होती. भाऊ दाजी त्यानंतर दोनच वर्षे जगले, आणि इमारतीला त्यांचे नाव मिळायला १९७५ साल उजाडले.

आत गेल्यावर मी नातीचा हात ओतीव लोखंडाच्या खांबावर ठेवला. मे महिन्याच्या उकाड्यातही तो गार लागतो. वर पाहिले की छताची नक्षी, कठड्यांवरचा सोनेरी रंग. हे सगळे २००३ ते २००८ या काळातल्या दुरुस्तीने पुन्हा उजळले आणि त्या कामाला २००५ साली युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. बाहेर आल्यावर तिला घारापुरीचा दगडी हत्ती दाखवला. १८६४ साली तो विलायतेला न्यायचा घाट घातला होता. उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे पुढे १९१४ साली इथे जुळवले. सांधे आजही बोटाला कळतात. नात बराच वेळ त्या सांध्यांवरून बोट फिरवत होती.

शाळांना माझी कळकळीची विनंती आहे, सहल काढण्याआधी वर्गात दहा मिनिटे ही हकीकत सांगा. १८६५चे दिवाळे सांगा, काम कसे रखडले ते सांगा, नाना आणि भाऊ दाजी या दोघांची नावे सांगा. आपल्या मुंबई पुरवणीतही सहलींच्या हंगामात यावर अर्धे पान द्यावे. मराठीत, मुलांना वाचता येईल अशा मोठ्या टायपात. ते कात्रण मी स्वतः आमच्या भागातल्या शाळांत नेऊन देईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, लालबाग