आईच्या खुब्याची चीर ओळखणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

माझ्या आईच्या खुब्याच्या वाटीला, म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा ज्या खोबणीत बसतो तिला, गेलेली चीर आपल्यामुळे वेळेत सापडली, म्हणून मनापासून आभार. हे आभार जाहीरपणे मानतो आहे, कारण आपण जे ओळखले ते घरात वृद्ध माणूस असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असावे, असे मला वाटते.

उंबरठ्याला अडखळून आई डाव्या कुशीवर पडली. एक्स-रेत मांडीचे हाड शाबूत दिसल्याने मुका मार असल्याचे सांगण्यात आले आणि वेदनाशामक गोळ्यांबरोबर चालण्याचा सराव सुचवला गेला. त्या सरावासाठीच आपण घरी आलात. पण तिला उभे करण्याआधी आपण दुखणे नेमके कुठे आणि केव्हा उठते, हे शांतपणे विचारून घेतलेत. पडून असताना तिला फारसा त्रास नव्हता, मात्र पायावर भार दिला की जांघेत असह्य कळ येई. आपण तिचा पाय सरळ ठेवून अलगद आत-बाहेर फिरवलात, टाचेवर तळहाताने हलके ठोकलेत, आणि दोन्ही वेळा कळ जांघेतच उठली. मुका मार असता तर एवढ्या दिवसांत थोडा तरी उतार पडला असता, असे म्हणून आपण सराव थांबवलात आणि डॉक्टरांसाठी सविस्तर चिठ्ठी लिहून दिलीत. सांगितलेले काम उरकून जाणे आपल्याला सहज शक्य होते.

कुशीवर पडल्यावर बसलेला मार मांडीच्या हाडाच्या गोळ्यातून थेट वाटीच्या आतल्या पातळ भिंतीवर जातो आणि ठिसूळ झालेले हाड तिथे तडकते, हे आपणच आम्हाला समजावलेत. समोरून काढलेल्या एक्स-रेत ओटीपोटाची हाडे एकमेकांवर येतात, त्यात आतड्यातील वायूची सावली पडते, शिवाय विरळ झालेल्या हाडांच्या कडाही पुसट दिसतात. त्यामुळे न सरकलेली चीर नजरेतून निसटू शकते. अशा वेळी एमआरआय सर्वांत भरवशाचा, कारण हाडाच्या मगजातील सूजही त्यात दिसते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही, एक्स-रेत काही न दिसता खुब्याच्या फ्रॅक्चरची शंका उरल्यास एमआरआय करावा, आणि तो २४ तासांत उपलब्ध नसेल किंवा करता येत नसेल तर सीटी स्कॅनचा विचार करावा, असे म्हटले आहे. आईचा पेसमेकर जुना, एमआरआयला न चालणारा, म्हणून डॉक्टरांनी आपली चिठ्ठी वाचताच सीटी स्कॅन करवला. वाटीच्या पुढच्या भागातून आतल्या भिंतीपर्यंत गेलेली चीर त्यात स्पष्ट दिसली.

हाड जागचे हलले नव्हते, त्यामुळे शस्त्रक्रिया टळली. त्या पायावर भार न देता वॉकर, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून औषध आणि हाडांच्या ठिसूळपणावर उपचार, एवढ्यावर निभावले. तसेच चालवत राहिलो असतो, तर गोळा वाटी फोडून आत सरकण्याचा धोका होता.

आता डॉक्टरांनी भार देण्यास परवानगी दिली आहे. थांबलेला सराव आपल्याच देखरेखीखाली सुरू व्हावा, अशी आईची इच्छा आहे. आपल्या सोयीची वेळ कळवावी, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एका रुग्णाचा मुलगा