चि. शमूस

पुणे, रविवार

चि. शमू यास आईचे अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा फोन आला, जीव भांड्यात पडला. दशम्या दुसऱ्या रात्रीपर्यंत पुरल्या का ते सांगितलं नाहीस. फोनवर माझं बोलणं राहूनच जातं. चिऊ मोबाईल ओढून घेते आणि तुझा आवाज आला की एकदम गप्प होते. म्हणून लिहायला बसले. चिऊबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे.

आज उपासनेला पंचहौदाच्या चर्चमध्ये गेलो होतो. पप्पांनी तुझ्या अ‍ॅडमिशनच्या पत्राची झेरॉक्स खिशात ठेवली होती. कोलकात्याचं बिशप्स कॉलेज १८२० सालचं आहे, असं त्यांनी चौघांना तरी सांगितलं. मीही शेजारी उभी राहून ऐकत होते. माझा मुलगा चर्चचा आचार्य, प्रीस्ट होणार, वेदीपुढे उभा राहणार, हे मनात आलं की ऊर भरून येतो. तो अभिमान कमी आहे असं कधी समजू नकोस.

पण बुधवारी रात्री ओट्यापाशी तू म्हणालास ना, "आई, फादर गोऱ्ह्यांनीही सगळं सोडलंच होतं." मी तेव्हा बोलले नाही. चार दिवस तेच वाक्य डोक्यात आहे.

गोऱ्हे आपल्या घरात मला कोणी शिकवायला नकोत. माझ्या वडिलांकडून त्यांच्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले. झाशीकडचं कोकणस्थ घराणं, वाढले काशीत. नीळकंठशास्त्री स्मिथ नावाच्या मिशनऱ्याचं म्हणणं खोडून काढायला गेले आणि वाद घालता घालता स्वतःच अडकले. १८४८ साली जौनपूरला बाप्तिस्मा, नाव नहेम्या. तेव्हा वय २३. काशीतल्या त्या घरावर काय ओढवलं असेल याची कल्पना मला तरी करवत नाही. पुढे 'षड्दर्शनदर्पण' लिहिलं, ते आजही अभ्यासक वाचतात. विलायतेत मॅक्सम्युलरना भेटले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. मनात बाळगलेलं ख्रिस्ती जीवन त्यांना तिथल्या रस्त्यांवर दिसलं नव्हतं. इतका हळवा, इतका प्रामाणिक माणूस. प्रीस्टची दीक्षा मिळाली १८७० साली, बाप्तिस्म्यानंतर २२ वर्षांनी. तुला तीन वर्षं फार वाटतात म्हणून सांगितलं.

आणि रमाबाई. एवढी पंडिता, पण फादर गोऱ्ह्यांच्या लिखाणाने आपली खात्री पटली असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. १८८३ साली विलायतेत वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच दिवशी मनोरमेचाही झाला, दोन वर्षांच्या पोरीचा. बाईंनी लेकीला सोबत नेलं होतं, शमू. बोटीतून, परक्या मुलखात.

गोऱ्ह्यांचीही एक लेक होती. हे तू त्या रात्री बोलला नाहीस.

लक्ष्मी तिचं नाव. १८५३ साली काशीत जन्मली आणि तान्ही असतानाच आई गेली. पुढच्याच वर्षी बाप पंजाबच्या महाराजा दलीपसिंगांबरोबर विलायतेला गेला. पोर निळीच्या मळेवाल्या एका इंग्रज जोडप्याने घेतली. ५७च्या बंडात त्यांचं सगळं गेलं, तेव्हा ती स्टॉर्स नावाच्या पाद्रीसाहेबांकडे गेली आणि १८६५ साली त्यांच्याबरोबर विलायतेला. परत आली १८८० साली, सत्तावीस वर्षांची होऊन. एलेन झाली होती. इंग्रजीत सुंदर भक्तिगीतं लिहिली. पुढे डीकनेस, म्हणजे चर्चची दीक्षित सेविका झाली, अलाहाबादला अनाथाश्रमातल्या मुली सांभाळल्या. देवाने तिला टाकलं नाही, हे मी मानते. पण तीन घरं फिरलेली ती पोर 'बाबा' म्हणून कोणाला हाक मारत असेल? लहानपणी मी हे वडिलांना विचारलं होतं. ते उत्तर न देता चर्चची घंटा वाजवायला निघून गेले.

तुझं आणि त्यांचं सारखं नाही, कळतं मला. चिऊ परक्याकडे नाही, आजीच्या कुशीत आहे. पण ती झोपेत असताना तू निघालास. चार वाजता उठली, तुझ्या खोलीत गेली आणि कपाटाचं दार उघडून पाहिलं. आत तिच्या आईच्या साड्या अजून तशाच आहेत. ती काही बोलली नाही, दार लावून बाहेर आली. मला बुंदीचा लाडू मागितला.

तू देवाच्या हाकेला गेलास की या घरातून दूर गेलास? रागावू नकोस. माझ्या वडिलांनी हेच विचारलं असतं. दोन्ही खरं असलं तरी चालेल मला, फक्त तुला ते माहीत असू दे. ज्याला स्वतःच्या लेकीच्या डोळ्यांत बघवत नाही तो मंडळीतल्या मयताच्या घरी जाऊन काय...

नाही. हे लिहायला नको होतं. खोडत नाही, कारण नवीन कागद घेतला तर पत्र टाकायचंच राहील. माफ कर मला. गेल्या आषाढापासून तू ज्यातून गेलास ते मी पाहिलं आहे. आयसीयूच्या बाहेर त्या बाकावर तू नऊ रात्री काढल्यास. त्या बाकावर तू प्रार्थना करायचा थांबला नाहीस, मी थांबले होते. तू आचार्य होणार हे मला तिथेच कळलं.

तुझं नाव मी ठेवलं. पप्पांना डेव्हिड हवं होतं. हन्नेने शमुवेलाला देवालयात सोडलं हे सगळे सांगतात. पण ती दरवर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा करून नेत असे, तेही शास्त्रात लिहिलंय. पोर वर्षात किती वाढलं असेल, हे तिला दर वर्षी नव्याने अंदाजावर शिवावं लागत असेल.

तिकडे पावसात पाय ओले ठेवू नकोस. मेसमध्ये मासे असतील, काटे बघून खा. पाणी उकळलेलं पी. महिन्याला एक कागद चिऊच्या नावाने येऊ दे, मी वाचून दाखवीन, नुसतं चित्र काढलंस तरी चालेल.

नाताळच्या सुट्टीत येशील तेव्हा तिच्यासाठी फ्रॉक तिथूनच आण. मी इथे घेणार नाही. आज मोजलं, फ्रॉकची उंची २२ इंच, छाती २२. डिसेंबरपर्यंत वाढेल, तेव्हा थोडा मोठाच घे.

तुझी,
आई